वनस्पती तुपाचा पुडा : चिरोट्यांना चांगला, रोजच्या डब्याला नव्हे

यंदा दिवाळीच्या फराळासाठी वनस्पती तुपाचा एक किलोचा पुडा मुद्दाम विकत आणला आणि तो संपत येईपर्यंत त्याची चवीने, हाताने आणि वेष्टनावरच्या आकड्यांनी पारख केली. मुद्दाम अशासाठी की हा जिन्नस आमच्यासारख्या अनेक घरांतून केव्हाच हद्दपार झाला आहे. एखादी मिठाई ‘डालड्यातली’ आहे एवढे कळले, तरी ती नाकारायला ते कारण पुरेसे ठरते. परंतु १ जानेवारी २०२२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खाद्यतेलांत आणि मेदांत, वनस्पती तूप धरून, ट्रान्स फॅटचे, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक मेदाचे, प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम लागू आहे, आणि त्यामुळे पुड्यातला पदार्थ आपल्या आठवणीतल्या पदार्थापेक्षा बराच वेगळा झालेला आहे. आपले मत मात्र जुन्याच पदार्थाविषयीचे आहे. ते बदलावे की नाही, बदलायचे तर कितपत, आणि तरुणांच्या हृदयविकाराशी या मेदाचा संबंध किती, हे पाहण्यासाठी हे परीक्षण. ब्रँडचे नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक सारे कोणत्याही कंपनीच्या पुड्याला लागू पडते.

आधी स्वयंपाकघरातले. पुडा कापल्यावर आतला मेद पांढरा, किंचित रवाळ आणि जवळजवळ गंधहीन निघाला. वनस्पती तुपाचा वितळणबिंदू ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावा, असे आपल्याकडचे मानक सांगते, आणि हाताला ते लगेच जाणवते : ओट्यावर ठेवलेला गोळा आकार धरून राहतो, पण बोटावर घेतला की कडेने सुटू लागतो. चिरोट्यांच्या साट्याला नेमका हाच गुण हवा असतो. दिवाळीच्या सुमारास पुण्यात दुपारी ऑक्टोबरचा उकाडा उरलेलाच असतो. अशा हवेत साजूक तुपाचा साटा पोळीवर लावता लावता सैल पडतो, गुंडाळी करताना कडेने बाहेर येतो आणि पदर एकमेकांना चिकटतात. वनस्पती तूप तळहाताने फेसून त्यात तांदळाची पिठी मिसळली, तेव्हा साटा लोण्याइतका मऊ तरी घट्ट राहिला, आणि तळताना चिरोट्याचे पदर कळीसारखे उमलले. केवळ पदरांचा विचार केला, तर साजूक तुपातल्या चिरोट्यांपेक्षा हे चिरोटे सरस झाले, हे कबूल करायला हवे.

शंकरपाळ्यांत मोहन म्हणून घातल्यावरही निकाल चांगला लागला. तेलाच्या मोहनाने शंकरपाळे कुरकुरीत होतात, तर वनस्पतीच्या मोहनाने खुसखुशीत. दाताखाली दोन्हींतला फरक कोणालाही कळेल. डबाभर शंकरपाळे आठवडा उलटला तरी खवट झाले नाहीत. मात्र करंज्यांचा एक घाणा तेलाऐवजी वनस्पतीत तळून पाहिला आणि तो पुन्हा करण्याची इच्छा उरली नाही, कारण गार झाल्यावर करंजीच्या पाठीवर पांढुरका थर धरला आणि खाल्ल्यानंतर टाळूला मेणचट लेप राहिला. बेसनाच्या लाडवांत तर हा मेद घालूच नये. बेसन भाजताना जो वास घरभर पसरायला हवा, त्यातला तुपाचा निम्मा वाटा येथे गैरहजर असतो, आणि साखर वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

आता वेष्टन. आकड्यांचा तक्ता पुड्याच्या मागे, खालच्या शिवणीच्या दुमडीत, भिंग घेऊन वाचावा इतक्या बारीक अक्षरांत छापलेला होता, आणि समोरच्या बाजूला मात्र जीवनसत्त्वांची जाहिरात ठळक होती. घटकांच्या यादीत प्रामुख्याने पामतेल, त्याखालोखाल इतर वनस्पतीजन्य तेले, तिळाचे तेल आणि वरून घातलेले जीवनसत्त्व अ. तिळाचे तेल पाहून काहींना ते चवीसाठी किंवा पौष्टिकतेसाठी घातल्यासारखे वाटेल. वस्तुतः ते कायद्याने घालावे लागते. साजूक तुपात वनस्पतीची भेसळ केली तर एका साध्या रासायनिक चाचणीत तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि भेसळ पकडता येते, एवढ्यासाठी ही तरतूद पूर्वीपासून आहे. तक्त्यात १०० ग्रॅमला ९०० किलोकॅलरी ऊर्जा, १०० ग्रॅम मेद, त्यापैकी जवळजवळ निम्मा संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद आणि ट्रान्स फॅट २ ग्रॅमहून कमी, असे दिले होते. ‘ट्रान्स फॅट फ्री’ असा दावा समोर छापायचा असेल, तर १०० ग्रॅममध्ये हे प्रमाण ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. म्हणजे नियमात बसणारा पुडा आणि ट्रान्स फॅटमुक्त पुडा यांत दहापटींहूनही अधिक अंतर असू शकते, आणि ते ग्राहकाने स्वतःच वाचून ओळखायचे असते.

या २ टक्क्यांचे मोल कळण्यासाठी आधीचे आकडे पाहावे लागतात. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २००९ मध्ये बाजारातल्या वनस्पती तुपांची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यांतले ट्रान्स फॅट डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाले होते. डेन्मार्कने २००३ मध्येच, जगात सर्वांत आधी, मेदातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली होती. त्या हिशेबाने आपल्या पुड्यांत ते १० टक्क्यांपासून २० टक्क्यांच्याही पुढे होते. भारतीय अन्न नियामकाने, म्हणजे एफएसएसएआयने, पुढे मर्यादा पायरीपायरीने उतरवली : आधी १० टक्के, २०१६ पासून ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि त्यानंतर बरोबर एका वर्षाने २ टक्के. उद्योगाला यंत्रणा बदलायला वेळ हवा होता हे मान्य केले, तरी डेन्मार्कनंतर जवळजवळ दोन दशके लागावीत हे फार झाले. त्या दोन दशकांत जी पिढी महाविद्यालयीन वसतिगृहांत, खानावळींत आणि बेकऱ्यांच्या बाकांवर वाढली, तीच आज तिशी-चाळिशीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी १ टक्क्याहून कमी ऊर्जा ट्रान्स फॅटमधून यावी. २००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा २.२ ग्रॅम होते. ज्या वनस्पतीत २० टक्के ट्रान्स फॅट होते, तिचे अकरा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचासुद्धा पूर्ण नाही, एवढ्यातच ही मर्यादा संपत असे. आजच्या २ टक्क्यांच्या पुड्यातले तीस ग्रॅम पोटात गेले, तरी त्यातून ०.६ ग्रॅमच मिळते. एवढा फरक नियमाने घडवला आहे, आणि तो किरकोळ मानण्याचे कारण नाही.

हे ट्रान्स फॅट मुळात येते कोठून, हेही थोडक्यात सांगायला हवे. द्रवरूप तेलातील मेदाम्लांमध्ये जे दुहेरी बंध असतात, त्यांच्यापाशी साखळीला बाक असतो आणि म्हणून ती साखळी शेजारच्या साखळीला घट्ट लागून बसत नाही. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांना १९०२ मध्ये मिळाले. ही क्रिया अर्धवट थांबवली की काही बंध नाहीसे होतात, पण काही नुसतेच पालथे पडतात. बाक जाऊन साखळी सरळ होते आणि मेद घट्ट बनतो. हेच ट्रान्स फॅट. कारखानदाराच्या दृष्टीने हा मेद आदर्श होता, कारण तो स्वस्त, टिकाऊ, बेकरीत थर धरणारा आणि वारंवार तापवला तरी चटकन न बिघडणारा होता. मुंबईत शिवडी येथे १९३० च्या दशकात वनस्पतीचा कारखाना उभा राहिला, १९३७ मध्ये डालडा बाजारात आला, आणि पुढच्या काही दशकांत हा मेद लग्नाच्या पंगतींपासून रेल्वे फलाटावरच्या पुऱ्यांपर्यंत सर्वत्र पोहोचला.

आजचा पुडा वेगळ्या रीतीने घट्ट केलेला असतो. तेल पूर्णपणे हायड्रोजनयुक्त केले तर दुहेरी बंधच उरत नाहीत, त्यामुळे ट्रान्स फॅटही उरत नाही. असा कडक मेद मऊ तेलात मिसळून, किंवा दोन्हींतली मेदाम्ले रासायनिक क्रियेने आपसांत अदलाबदल करून हवा तो वितळणबिंदू साधता येतो. पामतेलाचा घट्ट भागही याच कामी येतो. यांत ट्रान्स फॅट टळते, पण घट्टपणा कोणीतरी पुरवावाच लागतो, आणि तो संपृक्त मेद पुरवतो. तक्त्यातला पन्नाशीच्या आसपासचा आकडा तेथूनच आला आहे. ट्रान्स फॅट एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, वाढवते आणि त्याच वेळी एचडीएल, म्हणजे हितकारक कोलेस्टेरॉल, कमी करते; नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी १९९० मध्ये हे दाखवल्यापासून या मेदाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. संपृक्त मेद एचडीएल घटवत नाही, पण एलडीएल वाढवतोच. सबब आजचा पुडा जुन्यापेक्षा पुष्कळ बरा, एवढेच म्हणता येते. निर्धोक म्हणता येत नाही. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाच्या पंक्तीला त्याला बसवणे चुकीचे ठरेल.

तरुणांच्या हृदयाशी याचा संबंध नेमका किती, या प्रश्नाचे उत्तर सावधपणे द्यायला हवे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार, दिवसाच्या ऊर्जेपैकी २ टक्के ऊर्जा ट्रान्स फॅटमधून येऊ लागली, तर हृदयरोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, विकाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेले दिसते. २ टक्के ऊर्जा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. रोज बेकरीचे पदार्थ आणि बाहेरचे तळण खाणाऱ्याला जुन्या वनस्पतीच्या काळात ही मजल गाठणे मुळीच अवघड नव्हते. दुसरीकडे, ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे आढळले, तर इतर देशांत हेच वय ५९ च्या जवळ होते. सरासरीच इतकी अलीकडे आली की चाळिशीच्या आतले रुग्ण दिसणे ओघानेच येते. मात्र त्याच अभ्यासाने तंबाखू, रक्तातील मेदांचे बिघडलेले प्रमाण, मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटाचा घेर, मानसिक ताण आणि व्यायामाचा व भाज्या-फळांचा अभाव अशी कारणांची मोठी यादी दिली आहे. तरुणपणी आलेल्या प्रत्येक झटक्याचे खापर खारीवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ट्रान्स फॅट त्या यादीतील मेदांच्या बिघाडाला हातभार लावते, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्यापासून शरीराला कोणताही ज्ञात लाभ नाही. तंबाखूसारखेच तेही पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

हृदयविकार म्हणजे पन्नाशीनंतरची काळजी, हा समज शवविच्छेदनांनी फार पूर्वी खोडून काढला आहे. कोरियन युद्धात मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांची हृदये तपासून १९५३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्या सैनिकांचे सरासरी वय २२ होते आणि त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांच्या हृदयरोहिण्यांत विकाराच्या खुणा होत्या. रोहिणीच्या भिंतीत मेद साचणे विशीत किंवा त्याआधीच सुरू होते आणि त्याचे बिल दोन-तीन दशकांनी येते. विशीतल्या मुलाची रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून त्याने रोज काय खावे हा प्रश्न सुटत नाही, तो त्यामुळेच.

हे परीक्षण पुड्याचे असले, तरी बेकरीत डोकावल्याशिवाय ते पुरे होत नाही, कारण आजचे तरुण घरच्या चिरोट्यांतून वनस्पती फारसे खात नाहीत. ते खातात खारी, पॅटीस, क्रीम रोल, नानखटाई आणि टोस्ट यांतून, सकाळच्या आणि संध्याकाळच्या चहाबरोबर, मोजदाद न ठेवता. खारीचे पदर हा चिरोट्याच्या साट्याचाच व्यापारी अवतार आहे, आणि त्याला घट्ट, लाटता येणारा मेदच लागतो. २ टक्क्यांचा नियम केवळ तेला-तुपाच्या पुड्यांपुरता नसून तेल किंवा मेद वापरून केलेल्या तयार पदार्थांनाही लागू आहे, परंतु काचेच्या बरणीतून तोलून मिळणाऱ्या खारीवर तक्ता छापलेला नसतो. मी परिसरातील बेकऱ्यांत विचारून पाहिले. एके ठिकाणी, ‘काका, खारीला कोणते तूप वापरता?’ असे विचारल्यावर मालकांनी कोणताही आढेवेढा न घेता आतून पंधरा किलोचा डबा बाहेर आणून त्यावरचा तक्ता दाखवला, आणि तो नियमात बसणाराही होता. दुसऱ्या ठिकाणी, ‘चांगलेच असते हो, वर्षानुवर्षे लोक खात आहेत,’ असे उत्तर मिळाले. मी पहिल्या बेकरीतून खारी घेतो. दुसऱ्या बेकरीची खारी चवीला किंचित वरचढ आहे, हे नमूद करणे भाग आहे.

साजूक तुपाच्या अभिमान्यांसाठी एक टीप. गाई-म्हशींच्या दुधातील मेदातही निसर्गतः २ ते ५ टक्के ट्रान्स मेदाम्ले असतात. कायद्याची मर्यादा औद्योगिक ट्रान्स फॅटला आहे, दुधातल्या नव्हे, आणि दुधातल्या प्रकाराची घडणही काहीशी वेगळी असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या १ टक्क्याच्या हिशेबात दोन्ही प्रकार धरले जातात, शिवाय साजूक तुपातला संपृक्त मेद ६० टक्क्यांच्या पुढे असतो. चवीत साजूक तूप निर्विवाद श्रेष्ठ आहे. आरोग्याच्या नावाखाली ते वाटीवाटीने खावे, असे मात्र या तुलनेतून निघत नाही.

तळणाबाबत एवढेच की तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात थोडे ट्रान्स फॅट तयार होते, पण त्याहून मोठी काळजी इतर विघटित द्रव्यांची असते. त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे : १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे हीच विघटित द्रव्ये, २५ टक्क्यांहून अधिक झाली, तर ते तेल वापरता येत नाही. गाड्यावरच्या कढईपाशी हे मोजायला कोणी उभे नसते. तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसत असेल तर वडापाव दुसरीकडे खावा.

आता निवाडा. वनस्पती तुपाला पदर सोडण्याच्या गुणासाठी पाचापैकी चार गुण, टिकण्यासाठी चार, चवीसाठी दोन, वेष्टनाच्या प्रामाणिकपणासाठी दीड, आणि रोजच्या वापरासाठी शून्य. वर्षातून एकदा चिरोटे आणि शंकरपाळे करणाऱ्या घराने आजचा पुडा आणायला हरकत नाही, मात्र तक्त्यात ट्रान्स फॅटचा आकडा पाहून. दोन पुड्यांत एकाचा आकडा ०.२ च्या खाली आणि दुसऱ्याचा दोनच्या जवळ असेल, तर पहिला घ्यावा, मग त्याला दहा-वीस रुपये जास्त पडले तरी चालतील. ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास आहे, किंवा ज्यांचे एलडीएल आधीच वाढलेले आहे, त्यांनी मोहनाला कडकडीत तेल वापरावे आणि कुरकुरीत शंकरपाळ्यांवर समाधान मानावे. पोळीला लावायला, भाताला घालायला किंवा पराठे भाजायला हा मेद कोणीच वापरू नये. येथे त्याच्या घट्टपणाचा काहीच उपयोग नसतो आणि संपृक्त मेद मात्र पूर्ण पोटात जातो. एक किलोचा पुडा घेण्याचेही कारण नाही. माझ्याकडे फराळ आटोपल्यावर निम्म्याहून अधिक शिल्लक राहिला आणि तो संपवायचा म्हणून नको तेथे वापरण्याचा मोह होत राहिला. अर्ध्या किलोचा पुडा मिळतो, आणि चार माणसांच्या घराला फराळापुरता तो पुरून उरतो.